चिठ्ठीतले वचन आणि अध्यायातले वचन: शंकेच्या दिवसांत देवाच्या अभिवचनांना धरून राहण्याची रीत

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली, की बऱ्याच मंडळ्यांत एक ताट फिरते. त्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असतात, नाहीतर पत्त्यांएवढी कार्डे. ज्याच्या हाती जी येईल, ते त्याचे नव्या वर्षाचे वचन. घरी आल्यावर ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवले जाते, फ्रिजवर चिकटवले जाते. जानेवारीभर ते रोज वाचले जाते. जूनमध्ये नोकरी गेलेली असते किंवा बायोप्सीचा रिपोर्ट हाती आलेला असतो, आणि मग त्या कार्डाकडे बघवत नाही.

शंका बहुधा अशीच घरात शिरते. तिच्यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे, वाचन. कार्डावरची ती ओवी ज्या अध्यायातून खुडली तिथे परत नेऊन ठेवायची आणि मागचे-पुढचे वाचायचे. देवाने मुळात दिलेच नव्हते असे अभिवचन त्याने मोडले, म्हणून कितीतरी माणसे त्याच्यावर रुसून बसतात. आणि जे खरोखर दिले आहे त्याला उशीर होतो, तेव्हा तक्रार कशी करायची तेही त्याच शास्त्रात लिहून ठेवले आहे. तो भाग मात्र कार्डावर कोणी छापत नाही.

लागणारे साहित्य थोडे आहे. छापील पवित्र शास्त्र, दोनशे पानी रेघांची वही, पेन आणि दिवसाची वीस-पंचवीस मिनिटे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यातले अॅप उघडताच ‘आजचे वचन’ दाखवते, म्हणजे पुन्हा एकच ओवी, मागेपुढे काही नाही. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होत असल्यामुळे या कामापुरता कागदच बरा.

आधी वचन मूळ जागी नेऊन ठेवा

उदाहरणासाठी सगळ्यात जास्त वाटली जाणारी चिठ्ठी घेऊ: यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा तिचा आशय. आता पवित्र शास्त्र उघडा आणि २९वा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा.

हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पाठवलेले. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजाला, दरबाऱ्यांना आणि कारागिरांना धरून नेले, त्या लोकांना यिर्मया संदेष्टा लिहितो आहे. पाचव्या ते सातव्या ओवीत सूचना आहेत: घरे बांधा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ज्या शहराने आपले घर उद्ध्वस्त केले त्याच्यासाठी! मग दहावी ओवी येते: सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर चिठ्ठीवरची अकरावी.

ते पत्र ऐकताना जो तीस वर्षांचा होता, त्याने हिशेब केला असेल. तो स्वतः परत जाणार नव्हता. ‘हिताचे संकल्प’ त्याच्या नातवंडांच्या वाट्याला येणार होते, आणि त्याच्या वाट्याला परक्या मातीत बाग लावणे. पारसाच्या कोरेश राजाने परतीची परवानगी दिली ती इ. स. पूर्व ५३८ च्या सुमारास.

आता एक अध्याय मागे जा. २८व्यात हनन्या नावाचा संदेष्टा उभा आहे. तो म्हणतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना काय आवडले असेल हे सांगायला नको. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू त्याने सर्वांसमक्ष मोडलेसुद्धा. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला.

म्हणजे अकरावी ओवी खरी आहे आणि आधार देणारीही आहे. पण ‘या वर्षात माझे काम होईल’ असा अर्थ तिच्यातून काढणारा माणूस यिर्मयाची चिठ्ठी हातात धरून हनन्याचा संदेश वाचत असतो. डिसेंबरमध्ये त्याला जी शंका येते ती यिर्मयाच्या देवाबद्दल नसते. ती हनन्याच्या मुदतीबद्दल असते, आणि ती यायलाच हवी.

वहीच्या उजव्या पानावर ओवी लिहा आणि डाव्या पानावर तिला चार प्रश्न विचारा. हे कोणाला सांगितले? यात ‘जर’ आहे का? नेमके काय देऊ केले आहे, आणि मुदत दिली आहे का? आणि नव्या करारात हे सगळ्या विश्वासणाऱ्यांना लागू केले आहे का?

शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि ‘हे सगळे इस्राएलासाठी होते, आपल्याला काहीच नाही’ म्हणून बसतो. यहोशवा १:५ मधले ‘मी तुला सोडणार नाही’ हे एकट्या यहोशवाला, यार्देन नदी ओलांडण्याआधी सांगितलेले आहे. तेच इब्री लोकांस पत्राच्या १३:५ मध्ये मंडळीतल्या सामान्य माणसांना दिले आहे, तेही पैशाच्या लोभाबद्दल बोलताना. तेव्हा ते आपले आहे. नीतिसूत्रे २२:६ ची गोष्ट निराळी. मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दे, तो म्हातारपणीही ते सोडणार नाही, हे सुभाषित आहे. बहुतेक वेळा असे घडते, एवढे ते सांगते. लेखी हमी देत नाही. ज्यांचा मुलगा दूर गेला आहे अशा आईबापांच्या डोक्यावर ही ओवी आपटणारे लोक तिचा आणि त्या आईबापांचा दोघांचाही अपमान करतात. फिलिप्पै ४:१३ मधले ‘मला सर्वकाही शक्य आहे’ परीक्षेच्या हॉल तिकिटावर लिहिले जाते. त्याआधीच्या दोन ओव्यांत पत्र लिहिणारा प्रेषित पौल तृप्त असण्याबद्दल, भुकेले असण्याबद्दल बोलतो आहे. त्याचे ‘सर्वकाही’ म्हणजे उपाशी राहूनही समाधानी असणे.

आणि हे चार प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असे कोणी म्हटले तर मत्तय ४:६ दाखवा. मंदिराच्या शिरोभागावर उभे राहून सैतान ९१वे स्तोत्र म्हणून दाखवतो. शब्द बरोबर होते. येशूने त्याला शास्त्रातलीच दुसरी ओवी सांगून थांबवले.

असे प्रश्न विचारून झाल्यावर हातात काय उरते? पुरेसे उरते. मत्तय २८:२० (युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत), योहान ६:३७ (येणाऱ्याला घालवून देणार नाही), रोम ८:३८-३९ (कशानेही वेगळे होणे नाही), १ योहान १:९ (यात ‘जर’ आहे: पापे पदरी घेतली तर क्षमा), याकोब १:५ (मागणाऱ्याला शहाणपण). आणि सहावे, जे कोणाला नको असते: योहान १६:३३, जगात तुम्हाला क्लेश होतील. हेही येशूने सांगून ठेवलेलेच आहे. ही सहा पाठ करा, आठवड्याला एक या हिशेबाने दीड महिना. यांतल्या एकातही व्हिसा, प्रमोशन किंवा लग्नाची तारीख नाही, हे पाठ करताना ध्यानात येईलच.

इथे एक धोक्याची सूचना मोठ्या अक्षरात लिहायला हवी. आजार बरा होण्याचे वचन मिळाले म्हणून इन्शुलिन, फिटच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका, कोणी व्यासपीठावरून सांगितले तरीही. हिज्कीया राजाला तर यशया संदेष्ट्याकडून स्पष्ट शब्द मिळाला होता, पंधरा वर्षे आयुष्य वाढवल्याचा. तरी त्याच यशयाने अंजिरांची ढेप मागवून गळवावर बांधायला लावली (२ राजे २०:७). तसेच, मलाखी ३:१० (दशमांश आणा, मी आशीर्वादाचा वर्षाव करीन) वाचून दाखवत ‘इतके बीज पेरा, इतक्या पटीने मिळेल’ असे कोणी म्हणाले तर खिशाकडे नेलेला हात तिथेच थांबवा आणि घरी येऊन मलाखीची चारही प्रकरणे वाचा. अर्ध्या तासाचेही काम नाही.

दिलेले आहे, पण उशीर होतो आहे

चार प्रश्नांतून पार पडलेले वचनही वर्षानुवर्षे रखडते. त्याचा नमुना म्हणजे संततीचे वचन मिळालेला अब्राहाम, आणि त्याच्या वयाचे आकडे शास्त्रात जागोजाग दिलेले आहेत. हारान सोडले तेव्हा ७५. दासी हागारेपासून इश्माएल झाला तेव्हा ८६. सुंतेचा करार झाला तेव्हा ९९. इसहाक जन्मला तेव्हा १००. एकूण २५ वर्षे. उत्पत्तीचा १६वा अध्याय संपतो आणि १७वा सुरू होतो त्या मधल्या कोऱ्या जागेत तेरा वर्षे आहेत, ज्यांत देव काही बोलल्याची नोंद नाही. आपण पान उलटतो आणि तेरा वर्षे गेलेली असतात.

१५वा अध्याय सावकाश वाचा. सहाव्या ओवीत अब्राहामाने विश्वास ठेवला, आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले गेले. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, हा पौलाचा युक्तिवाद या ओवीवर उभा आहे. दोनच ओव्या पुढे तोच अब्राहाम विचारतो: हे मला कशावरून कळावे? १७:१७ मध्ये तर तो पालथा पडून हसतो. देव रागावत नाही. जन्माला येणाऱ्या मुलाचे नावच ‘इसहाक’, म्हणजे ‘तो हसतो’, असे ठेवायला सांगतो.

उशिराच्या काळात बिघडते कुठे, तेही इथेच दिसते. कनानात दहा वर्षे काढल्यावर त्याची बायको साराय हिने हागारेला पुढे केले (१६:३). वचन देवाचे, मुदत आपली आणि मार्गही आपला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यात वावगे काही नव्हते, म्हणूनच तो निर्णय सोपा गेला. पण त्याची किंमत हागारेने आणि तिच्या लेकराने मोजली. तुमच्या मनात असा ‘मार्ग’ तयार होत असेल तर एकच तपासा: हा पार पडावा म्हणून कोणाला वापरावे लागणार आहे का?

तक्रार करायची ती अशी

मराठीत एक सोय आहे. ‘देवाने माझे ऐकले नाही’ आणि ‘देवा, तू माझे ऐकले नाहीस’ या दोन वाक्यांत शेवटी एका ‘स’चा फरक आहे. पहिले वाक्य देवाबद्दल आहे, दुसरे देवाशी. रानात इस्राएल लोकांनी पहिले वाक्य आपापल्या तंबूंत बसून म्हटले. त्याला शास्त्र कुरकुर म्हणते (अनुवाद १:२७). दावीद, यिर्मया, ईयोब यांनी दुसरे म्हटले, कितीतरी जास्त कडक शब्दांत, आणि ते शास्त्रात उपासनेसाठी जपून ठेवले गेले. तेव्हा शब्द मऊ करण्याची गरज नाही. ‘स’ लावण्याची आहे.

शिकायला सगळ्यात सोपे १३वे स्तोत्र, सहाच ओव्यांचे. मोठ्याने वाचायला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ’ चार वेळा येते: तू मला किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, मी किती काळ मनात झुरायचे, शत्रूने किती काळ माझ्यावर चढून बसायचे. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणे येते, आणि मागण्याचे कारणही: माझ्याकडे पाहा, डोळ्यांत उजेड घाल, नाहीतर मी मरेन आणि शत्रू म्हणेल जिंकलो. पाचवी ओवी ‘पण मी’ अशी वळते: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. सहावीत गाणे.

आता वहीत आपले स्तोत्र याच मापाने लिहा. चार ‘किती काळ’, दोन मागण्या कारणांसकट, एक ‘पण मी’. मोघम लिहू नका. ‘प्रभू, मला खूप त्रास होतो आहे’ हे चालणार नाही. असे लिहा: ‘किती काळ, प्रभू? अकरा महिने झाले. किती काळ मी शेजारच्या काकूंना “बघताहेत अजून” असे सांगू? किती काळ बाबांनी दर महिन्याच्या सातला हप्त्यासाठी हात पसरायचे? किती काळ मी रविवारी पुढच्या बाकावर बसून ओठ नुसते हलवायचे?’ मागणे: ‘मला मुलाखतीचे एक बोलावणे दे, कारण येत्या मार्चनंतर आमच्याकडे काही शिल्लक राहत नाही.’

‘पण मी’ लिहिताना बहुतेकांची गाडी अडते, कारण मनात तसे काही नसते. तिथे खोटे लिहू नये. ‘पण मी आज ही वही उघडली’ एवढे खरे असेल तर एवढेच लिहा. तेही नसेल तर ८८वे स्तोत्र आहे. एज्राही हेमानाचे ते स्तोत्र अठरा ओव्या नुसता आक्रोश करते आणि अंधारात संपते. भरवशाकडे वळणारे ‘पण मी’ येतच नाही. तरी ते गाण्यांच्या संग्रहात आहे, प्रमुख गवयासाठी अशा शीर्षकासह.

एका आठवड्याचा क्रम असा धरता येईल: सोमवारी १३, मंगळवारी ४२ आणि ४३ एकत्र (एकच ध्रुपद तीनदा येते, त्यावरून ते मूळचे एकच गीत असावे), बुधवारी ७७, गुरुवारी ८८, शुक्रवारी २२, शनिवारी १३०, रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी ७३. सहा आठवडे तोच क्रम. नवे काही शोधू नका. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, चौथ्यापासून ओव्या वही न उघडता आठवू लागतात, आणि रात्री तीनला जाग आल्यावर कामाला येतात त्या याच.

यांतल्या ७७व्याकडे जरा थांबून बघा. सातव्या ते नवव्या ओवीत स्तोत्रकर्ता आसाफ सहा प्रश्न विचारतो. त्यांतला एक शब्दशः आपलाच आहे: त्याचे वचन कायमचे खुंटले का? उत्तर कुठेच दिलेले नाही. अकराव्या ओवीत तो आठवणी काढायला बसतो, आणि तिथेच ‘तो’ सुटून ‘तू’ सुरू होतो. शेवटी समुद्रातून गेलेली वाट आहे, आणि तुझी पावले कोणाला दिसली नाहीत, असे तो म्हणतो. पावले दिसली नाहीत, पण लोक पार झाले.

शरीर, झोप, डॉक्टर

हा भाग थोडक्यात, पण वगळायचा नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या समजुतीची दुरुस्ती होते ती होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर: सात हजार शिल्लक आहेत. म्हणून शंकेचे दिवस आले की आधी झोप आणि जेवण बघा. रात्री अकरानंतर देवाच्या अस्तित्वावर निकाल देऊ नका. झोप, भूक, कामातला रस दोन आठवड्यांहून जास्त गेला असेल तर डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे, विश्वास कमी पडल्याचे लक्षण नव्हे. जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

शंका असताना काय चालू ठेवायचे

थोमाला आपण ‘संशयी’ म्हणून नाव ठेवले आहे, पण योहान २०:२६ मधला एक तपशील नजरेआड होतो. बाकीचे शिष्य म्हणत होते आम्ही पुन्हा उठलेल्या प्रभूला पाहिले, हा म्हणत होता मी मानणार नाही. तरी आठ दिवसांनी हा त्याच घरात, त्याच लोकांत बसलेला होता. त्यांनी त्याला काढले नव्हते आणि तोही गेला नव्हता. प्रभू आला तेव्हा थोमा तिथे असल्यामुळे त्याला दिसला. शंकेच्या काळातला विश्वासूपणा बराचसा असा, जागेवर असण्याचा असतो.

रविवार सोडू नका. गाता येत नसेल तर उभे राहा. दुसऱ्यांनी म्हटलेले कानावर पडू द्या. मंडळीतले एखादे हाताचे काम ठेवा: सतरंज्या घालणे, आजारी माणसाला डबा पोचवणे, संडे स्कूलची हजेरी घेणे. शिकवण्याचे किंवा साक्ष देण्याचे काम मात्र काही दिवस दुसऱ्याकडे द्या, कारण मनात नसलेले बोलून माणूस आतून आणखी कोरडा होतो. ७३व्या स्तोत्रात आसाफ हेच म्हणतो: मी मनातले सगळे बोलून टाकले असते तर तुझ्या लेकरांचा विश्वासघात झाला असता (ओवी १५). त्याने ते दडपले नाही, पवित्रस्थानात नेले, आणि सतराव्या ओवीत त्याला उलगडा झाला. म्हणून एक विश्वासू माणूस निवडा: पाळकसाहेब, एखाद्या वडीलधाऱ्या मावशी, कोणीही जो ऐकून घेईल आणि सोमवारी सगळ्या मंडळीला सांगणार नाही. आणि वाक्य तयार ठेवा: ‘मला उत्तर नको, महिन्यातून दोनदा तासभर ऐकून घ्या.’

काय टाळायचे तेही सांगतो. देवाला चिन्हाची अट घालणे, जसे ‘उद्या बारापर्यंत फोन आला तर तू आहेस’. गिदोनाने फक्त लोकरीवर दव पडते का ही परीक्षा घेतली ती खरी, पण ते चिन्ह मिळाल्यावरही त्याला उलटी परीक्षा घ्यावी लागली, म्हणजे पहिल्या चिन्हाने त्याची शंका गेलीच नव्हती. मोठा नवस बोलणे. बापाच्या नवसापायी इफ्ताहाच्या मुलीचे काय झाले ते शास्ते ११ मध्ये आहे. आणि दुःखाच्या भरात मंडळी सोडणे, राजीनामा देणे, नाते तोडणे. या निर्णयांना सहा आठवड्यांचा क्रम पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

याकोब १:६ वाचून पुष्कळ जण घाबरतात: शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला काही मिळणार नाही. आठव्या ओवीपर्यंत वाचा. तिथला माणूस ‘द्विबुद्धीचा’ आहे, दोन दगडांवर पाय ठेवून उभा. देवाकडे मागतो आणि न मिळाल्यास दुसरीकडची सोयही लावून ठेवतो. मार्क ९:२४ मधला मुलाचा बाप तसा नाही. विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, हे तो एकाच वाक्यात कबूल करतो आणि दोन्ही एकाच जागी, येशूपुढे ठेवतो. त्याचा मुलगा बरा झाला. पण यावरून नियम काढू नका: गेथशेमानेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. इब्री ११:३५ ही एकच ओवी मधोमध दुभंगते. अर्धीत स्त्रियांना आपली मेलेली माणसे जिवंत परत मिळाली, उरलेल्या अर्धीत दुसऱ्यांचे हाल करून त्यांना मारले गेले. दोन्ही गटांचा विश्वास सारखाच नोंदवला आहे.

दुसऱ्याला शंका आली असेल तर

ईयोबाच्या तीन मित्रांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत (२:१३). बिघडले ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. ‘कुठेतरी पाप असेल’, ‘प्रार्थना कमी पडली’, ‘देव चांगल्यासाठीच करतो’ ही वाक्ये दवाखान्याच्या बाकावर उच्चारू नका. त्याऐवजी विचारा: ‘डबा आणू का? रात्री थांबायला कोणी आहे का?’ शंका धरणाऱ्यांवर दया करा, असे यहूदाच्या पत्रात २२व्या ओवीत स्पष्ट लिहिले आहे.

आणि घाई नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा १९००. मधली पाच वर्षे दुराव्याची, रडण्याची, प्रश्नांची होती, आणि एकाच घरातल्या दोन माणसांना देवाकडे जायला सारखाच वेळ लागत नाही याचे याहून जवळचे उदाहरण मराठी माणसाला देता येणार नाही.

वहीचे मागचे पान

वही मागून उघडा आणि तीन रकाने आखा: तारीख, काय मागितले, काय झाले. तिसरा रकाना महिन्यातून एकदाच भरायचा. रोज बघितला तर पेरलेले बी उकरून बघितल्यासारखे होते. त्यात चारच प्रकारच्या नोंदी करा: ‘मिळाले’, ‘वेगळे मिळाले’, ‘नाही मिळाले’, ‘अजून नाही’. चुका दोन होतात. पहिली, फक्त ‘मिळाले’च्या ओळी ठेवून बाकीच्या खोडणे. मग वही जाहिरात होते आणि अडचणीच्या दिवशी तिच्यावर आपलाच विश्वास बसत नाही. दुसरी, ‘नाही मिळाले’ लिहायला घाबरून वर्षानुवर्षे ‘अजून नाही’ लिहीत राहणे. आईसाठी मागितले होते आणि आई गेली, तर ‘नाही मिळाले’ असे लिहा, तारखेसकट, आणि त्या ओळीखाली दोन ओळी कोऱ्या ठेवा. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा मागितल्याचे आणि तो न गेल्याचे आपल्याच पत्रात लिहून ठेवले आहे (२ करिंथ १२:८-९).

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणवले, मुलांनी पुढे ‘हे कशाचे?’ म्हणून विचारावे यासाठी. धोंडे आणले ते कोरड्या काठावरून नव्हे, जिथे याजकांचे पाय टेकले होते त्या तळातून. वहीतल्या कठीण ओळी जपायच्या त्या यासाठी.

येत्या ३१ डिसेंबरला ताट तुमच्यापर्यंत आले की चिठ्ठी जरूर उचला. घरी आल्यावर ती लगेच फ्रिजवर लावू नका. उलटी करा आणि कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात चार गोष्टी लिहा: कोणाला, कोणत्या प्रसंगी, ‘जर’ आहे की नाही, मुदत किती. यिर्मया २९:११ आली तर शेवटच्या ओळीत ‘७० वर्षे’ असे येईल. मग ती बाजू वर ठेवून लावा.